कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस: स्पोर्ट्स सेडानच्या हिवाळ्यासाठी

हा ऑल-सीझन, म्हणजे बाराही महिने वापरायचा टायर घेतल्याचा मला पस्तावा नाही, पण माझ्या भावाला तो घेऊ देणार नाही. दोन्ही गोष्टी मनापासून सांगते आहे. का, ते खाली सविस्तर येईलच.

गाडी बीएमडब्ल्यू ३३० आय, एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी. टायरचं माप २२५/४५ आर १८, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के आणि रिम १८ इंची, चारही चाकांना सारखं. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळची पाळी असली की उजाडायच्या आत घर सोडावं लागतं, आणि ‘आज रस्ता खराब आहे, घरूनच रक्त तपासते’ असं म्हणायची सोय या नोकरीत नाही. आमच्याकडचा हिवाळा मधल्या जातीचा. पहाटे पारा शून्याच्या आसपास घुटमळतो, अधूनमधून उणे दहाला टेकतो. बर्फ पडतो, पण बर्फ सारणाऱ्या गाड्या वेळेवर येतात, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडतं, आणि दुपारपर्यंत मोठा रस्ता काळा दिसायला लागतो. थोडक्यात, बहुतेक दिवस थंड आणि ओले, काही दिवस पांढरे, आणि थोडेच दिवस असे की गाडी काढूच नये.

टायर निवडताना या तिसऱ्या प्रकारच्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. लोक सुरुवात करतात ती कंपनीच्या नावापासून. मी आमच्या अंगणापासून केली. नवऱ्याची साधी हॅचबॅक दर हिवाळ्यात अस्सल हिवाळी टायरवर असते आणि त्याला घरून काम करता येतं. रस्त्यावर गोठलेला थर असेल त्या पहाटे मी त्याची किल्ली उचलते. ही सोय नसती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती, मी मुकाट्याने हिवाळी टायरचा वेगळा संच घेतला असता.

आता मुळात टायर बदलायची गरज का पडली. गाडी आली तेव्हा तिच्यावर उन्हाळी परफॉर्मन्स टायर होते, १९ इंची, पुढे २२५ आणि मागे २५५ रुंदीचे. गरम रस्त्यावर त्यांची पकड अशी की वळणावर स्टिअरिंग हातात जिवंत वाटायचं. पण उन्हाळी टायरचं रबर उबेसाठी बनवलेलं असतं. पारा ७ अंशांच्या खाली गेला की ते ताठरायला लागतं, बागेत राहून गेलेला रबरी पाइप थंडीत कडक होतो तसं. ७ हा आकडा काही लक्ष्मणरेषा नव्हे. ६ अंशांना, कोरड्या रस्त्यावर, चांगला उन्हाळी टायर अजूनही झकास थांबतो. पण शून्याच्या खाली, वर ओल किंवा बर्फाची नुसती साय असली, की तोच टायर पाटीवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याइतकाच कामाचा उरतो. कडाक्याच्या थंडीत तर असे टायर चालवूच नका, त्यांच्या नक्षीला तडे जाऊ शकतात, असं कंपन्या स्वतःच सांगतात. गाडी नुसती पार्किंगमधून हलवली तरी.

‘पण माझी गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. चार चाकांना ताकद गेल्याने गाडी निघते छान. सिग्नलला बाकीचे जागच्या जागी चाकं फिरवत असतात आणि तुम्ही अलगद पुढे जाता. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीचे चारही चाकांवरच असतात. थांबण्याच्या बाबतीत एक्सड्राइव्ह आणि शेजाऱ्याची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी यांच्यात काही फरक नाही. तिथे टायर एके टायर. हिशेब करून बघा: ५० च्या वेगाने जाणारी गाडी चांगल्या कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरांत थांबते, दाबलेल्या बर्फावर तिला ४० मीटरांच्या आसपास लागतात आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर शंभराच्या घरात. यात चालकाचा दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. चार चाकांची ताकद उलट थोडी फसवते, कारण निघताना रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. ते कळतं पुढच्या चौकात.

बाजारात ‘ऑल-सीझन’ या एकाच पाटीखाली फार वेगवेगळी माणसं उभी आहेत. १९७७ साली गुडइयरने टिएम्पो आणला तेव्हापासून हा प्रकार लोकांच्या वापरात आहे, पण आज त्यात निदान दोन घराणी स्पष्ट दिसतात. एक बर्फाकडे झुकलेलं. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ हा त्याचा ठळक नमुना: नक्षी बाणासारखी, एकाच दिशेने फिरणारी, आणि साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह. दुसरं घराणं रस्त्यावरच्या पकडीकडे झुकलेलं, ज्याला अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन म्हणतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ त्यातलाच, आणि मी घेतलेला डीडब्ल्यूएस ०६ प्लसही. स्पोर्ट्स सेडानवाल्याची खरी निवड या दोन घराण्यांमध्ये असते. एकाच घराण्यातल्या दोन टायरांत डावं-उजवं करत महिना घालवणं मला तरी पटत नाही.

साइडवॉलवरच्या दोन खुणांबद्दल इथेच बोलून घेते, कारण दुकानात हमखास गोंधळ होतो. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ऐकायला भारदस्त, पण ती खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते: खाचा कशा आहेत, मोकळी जागा किती आहे. बर्फावर चाचणी झालीच पाहिजे अशी अट तिला नाही. डोंगर-हिमकणाची खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत आली आणि तिच्यासाठी टायर खरोखर बर्फावर फिरवावा लागतो. तिथल्या मूळ पद्धतीत ठरावीक संदर्भ टायरची पकड १०० धरायचे आणि नव्या टायरला किमान ११० मिळवावे लागायचे. पण ही परीक्षा आहे दाबलेल्या बर्फावर सरळ रेषेत गाडी पुढे ओढण्याची. वळणं, ब्रेक आणि गोठलेला गुळगुळीत थर यांची परीक्षा त्या ११० मध्ये नाही. त्यामुळे चिन्ह असलेला टायर हा चिन्ह नसलेल्यापेक्षा बर्फात भरवशाचा, इतकंच म्हणता येतं. तो हिवाळी टायरच्या बरोबरीचा झाला असं नाही.

माझ्या टायरवर डोंगराची खूण नाही, नुसतं एम+एस आहे. हे मला घेतानाच माहीत होतं. ज्यांच्याकडे कायद्याने ती खूण लागते त्यांच्यासाठी विषय इथेच संपतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नोंदलेली गाडी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ती खूण किंवा खिळ्यांचे टायर नसतील तर रस्त्यावर आणता येत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर नुसतं एम+एस ग्राह्य धरत नाहीत. सुट्टीत गाडी घेऊन अशा भागात जाणार असाल तरी हे लक्षात ठेवा.

मग मी क्रॉसक्लायमेट का नाही घेतला? दादाने फोनवर हेच विचारलं. “अगं, बर्फात जायचंय ना तुला? मग बर्फाचा टायर घे की.” दादा राहतो तिथे पहिला बर्फ पडला की वसंतापर्यंत हलत नाही, आणि त्याचे टायर खिळ्यांचे असतात. मी त्याला म्हटलं, “दादा, तुझा हिवाळा पांढरा आहे, माझा काळा आणि ओला आहे.” माझं बहुतेक जाणं-येणं दोन ते आठ अंशांत, मीठ मारलेल्या ओल्या डांबरावर, मोठ्या रस्त्यावरच्या वेगाने होतं. तिथे मला हवी ओल्यातली पकड आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देणारा टायर. पांढऱ्या दिवसांची काळजी टायरने ‘बऱ्यापैकी’ घ्यावी, वाईट पहाटेची काळजी हॅचबॅक घेईल. शिवाय बाकीचे आठ महिने याच टायरवर गाडी चालवण्यातली मजा शाबूत राहायला हवी होती, नाहीतर ही गाडी घेतली कशाला?

मापाकडे येते, कारण माझ्या मते खरा फायदा तिथेच झाला. १९ इंची जोड्यांत मागचे टायर २५५ चे होते. रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापत खाली जातो आणि काहीतरी घट्ट शोधतो. म्हणून चारही चाकांना २२५ आणि रिम १८ ची. गाडीच्या दारावरची पट्टी आणि पुस्तिका दोन्हींत हे माप मान्य आहे. बाहेरचा व्यासही जवळपास तोच राहतो: जुन्या पुढच्या टायरचा सुमारे ६६३ मिलिमीटर, मागच्याचा ६६१ आणि नव्याचा ६६०. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये हा मेळ फार महत्त्वाचा. पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला लागली तर भार ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर पडतो. दोन नवे, दोन अर्धे झिजलेले अशी काटकसर या गाड्यांवर करू नये ती त्याचसाठी. चारही सारखे झाल्याने आता पुढचे-मागचे आलटून-पालटून बसवता येतात, जे आधी शक्यच नव्हतं.

आणि साइडवॉल. मागे ८९ मिलिमीटरची होती, आता १०१ ची आहे. ऐकायला किरकोळ वाटेल. पण बर्फ वितळून डांबर उखडतं तेव्हा पडलेल्या खड्ड्यांना विचारा. पातळ साइडवॉलवर आधी एक रिम वाकवून झाली आहे, आणि त्या दिवशीचा आवाज अजून कानात आहे. १७ इंचांवर गेले असते तर आणखी बरं, पण ब्रेकचे कॅलिपर मोठे असले की एका मापाखाली चाक आत बसतच नाही. माझ्यासाठी १८ हे खालचं टोक.

एक अडचण मात्र आली. मूळ टायर रन-फ्लॅट होते, म्हणजे हवा गेली तरी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर रेटता येणारे. नवे तसे नाहीत, आणि या गाडीत स्टेपनी ठेवायला जागाच नाही. त्यामुळे डिकीत पंक्चरचं किट, छोटा कंप्रेसर, टॉर्च आणि जाड हातमोजे कायमचे आले. रन-फ्लॅटचा दगडीपणा गेल्यावर गाडी रस्त्यावर जी मऊसूत चालायला लागली, त्यापुढे हे ओझं मला मंजूर आहे. रात्री एकट्याने लांब, ओसाड रस्त्यावर जाणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा.

बसवून घेताना उभं राहून बघा. पहिली गोष्ट, साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे. ३४२४ असेल तर टायर २०२४ च्या ३४ व्या आठवड्यात बनला. माझ्यासाठी आणलेल्या चारातले दोन बाकीच्यांपेक्षा बरेच जुने निघाले. मी बोट ठेवल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काही फरक पडत नाही हो मॅडम.” पडत नसेल तर बदलून द्या, म्हटलं. दिले. दुसरी गोष्ट, हा टायर असमान नक्षीचा आहे, त्याची एक बाजू बाहेरच यायला हवी आणि तसं साइडवॉलवर लिहिलेलं असतं. चारही चाकांवर ते अक्षर बाहेरून वाचता आलं पाहिजे. तिसरी, भार आणि वेगाचा आकडा. माझ्यावर ९५ वाय आहे, म्हणजे प्रत्येक टायरला ६९० किलोपर्यंत भार आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग. तेवढा वेग कोणाला हवाय? पण भाराचा आकडा गाडीच्या पट्टीवर दिलेल्यापेक्षा कमी चालत नाही, तिथे तडजोड नको.

आता टायर जवळून. गुडघ्यावर बसून नक्षीत बघितलं तर ठोकळ्यांवर केसाएवढ्या बारीक, नागमोडी चिरा दिसतात. बर्फावरचं काम त्या चिरांचं. ठोकळा रस्त्यावर टेकतो तेव्हा चिरा किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेला एक धार मिळते. बाहेरच्या खांद्याकडचे ठोकळे मोठे आणि भरीव आहेत, ते वळणासाठी. मधल्या लांब खाचा पाणी बाहेर काढायला. आणि मधल्या भागात तीन अक्षरं कोरलेली आहेत, डी, डब्ल्यू आणि एस: कोरडं, ओलं, बर्फ. झीज होत गेली की आधी एस पुसला जातो, म्हणजे बर्फासाठी लागणारी खोली संपली. पुढे डब्ल्यू जातो. मला ही युक्ती भयंकर आवडली. टायर गोटा होईपर्यंत वापरणाऱ्या माणसालाही ती वाचता येते, खोली मोजायचं साधन लागत नाही. नव्याची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ ची आहे, पण ४ च्या खाली गेलेला टायर बर्फात नेऊ नये, असा टायरवाल्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. म्हणजे कायद्याने धडधाकट असलेला टायर हिवाळ्यासाठी कधीच निवृत्त झालेला असू शकतो.

रस्त्यावर कसा आहे? थंड, कोरड्या डांबरावर उत्तम. उन्हाळी टायरसारखा ताणलेला नाही, स्टिअरिंग वळवल्यावर नाक वळायला किंचित, अगदी किंचित जास्त वेळ घेतं. ठोकळ्यांत एवढ्या चिरा असल्या की ते थोडे लवचीक असणारच, हा गुण ऑल-सीझन जातीचा आहे. आठवड्याभरात हाताला सवय झाली. आवाज कमी. नवे टायर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जपून चालवायचे असतात, ते जपले.

ओल्या रस्त्यावर पैसे वसूल. मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या मागून येणारा खारट फवारा, चाकांच्या चाकोरीत साचलेलं पाणी, वर तीन अंश तापमान, अशात लेन बदलताना गाडी एकदाही बिचकली नाही. वितळून राबडी झालेल्या बर्फाच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून जाताना स्टिअरिंग हलकं होतं. तेवढं कुठल्याही टायरवर होणारच. वेग कमी ठेवावा आणि हात शांत.

ताज्या बर्फावर, चारेक बोटांपर्यंत, मला सुखद धक्का बसला. गल्ली सारलेली नसताना चढावरून गाडी विनातक्रार वर गेली. चढ चढून थांबल्यावर उतरून टायर बघितले: खाचांत आणि चिरांत बर्फ घट्ट भरून बसला होता, काळ्या रबरावर पांढऱ्या रेघा. अनेकांना वाटतं खाचा भरल्या म्हणजे पकड गेली. बर्फात उलट आहे. बर्फाला बर्फ घट्ट धरतो, म्हणून नक्षीत अडकलेला बर्फ कामाला येतो. ओल्या रस्त्यावर खाचांनी पाणी फेकून द्यायचं असतं आणि बर्फावर बर्फ धरून ठेवायचा असतो. एकाच टायरने ही दोन्ही कामं करायची आहेत, हे ध्यानात घेतलं की त्याच्याबद्दल जरा आदर वाटायला लागतो.

अशा वेळी गाडीचा स्पोर्ट मोड बंद ठेवते. निघताना चाकं अडकून इलेक्ट्रॉनिक्स ताकदच काढून घेत असेल, तर ट्रॅक्शनचा तो मोड लावते ज्यात चाकांना थोडं घसरू देतात. बाहेर पडले की पुन्हा पूर्ववत. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे, पण पुस्तिका वाचतो कोण.

दिवसभर गाड्यांनी दाबून चकचकीत झालेल्या बर्फावर चित्र बदलतं. मी रिकाम्या मैदानात मुद्दाम जोरात ब्रेक दाबून पाहिलं: एबीएसची धडधड पायाला लागत राहते आणि गाडी आपल्या सवडीने थांबते. त्याच जागी नवऱ्याची हॅचबॅक नेली तर ती इतकी आधी थांबली की फरक मोजायला फीत लागली नाही. गाडी ती हलकी आहे, इंजिन साधं आहे, पण टायर थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे आणि चिरांनी भरलेले. सेडानवाल्याने हा प्रयोग एकदा तरी करून पाहावाच, मोकळी आणि सुरक्षित जागा असेल तर.

गोठलेल्या गुळगुळीत थरावर बोलण्यासारखं काही नाही. कुठलाच ऑल-सीझन टायर तिथे कामाचा नाही, आणि पारा शून्याच्या अगदी जवळ असला की वर पाण्याचा पातळ थर राहतो, तेव्हा तो थर सगळ्यात निसरडा. उणे पंधराचा बर्फ त्यापेक्षा बरा. म्हणून मी पहाटे खिडकीतून नुसता पारा बघत नाही, रात्री पाऊस पडला होता का ते बघते. पाऊस आणि मग शून्य, असा योग असेल तर सेडान जागेवर. आणि तरी कधी सापडलातच अशा रस्त्यावर, तर वेग हेच एक हत्यार उरतं: ५० वरून ३० वर आलात तर ते शंभराच्या घरातलं अंतर ३५ मीटरांपर्यंत उतरतं.

हवेबद्दल एक गोष्ट राहिली. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण पावणेदोन पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते. उबदार गॅरेजात, १८ अंशांना, ३५ भरलीत आणि बाहेर उणे ७ असेल, तर रस्त्यावर ती ३१ च्या खाली गेलेली असते. चेतावणीचा दिवा बऱ्याच गाड्यांत एक चतुर्थांश हवा गेल्यावरच पेटतो, म्हणजे तोपर्यंत सगळं आलबेल आहे असं आपण समजतो. गाडी नीट वळत नाही, टायर बेकार निघाला, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या काहींचं औषध हवेच्या पाइपात असतं. थंड टायरवर, सकाळी, बाहेरच्या तापमानात हवा बघावी. ‘बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करा’ हा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं प्रेमाने ऐकून घ्या आणि दारावरच्या पट्टीवरचाच आकडा भरा.

टिकाऊपणाबद्दल माझा निकाल इतक्यात देता येणार नाही. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेला टायर किती टिकतो त्याचा तुलनात्मक आकडा ५६० आहे आणि उत्तर अमेरिकेत कंपनी ५०,००० मैलांची हमी देते. पण या हमीच्या कागदावर रोटेशनची, म्हणजे टायर आलटून-पालटून बसवल्याची नोंद मागतात, तेव्हा पावत्या जपून ठेवा. अलाइनमेंट, म्हणजे चाकं नीट सरळ बसली आहेत का, ते एकदा तपासून घ्या. या टायरच्या खांद्यांवर त्यासाठीच्या छोट्या खुणाही आहेत, आतली आणि बाहेरची वेगवेगळी झिजायला लागली की अलाइनमेंट बिघडलं समजायचं.

कोणी घेऊ नये ते सांगते. ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि पहाटे निघणं टाळता येत नाही, त्यांनी. ज्यांची गल्ली उताराची आहे आणि सारली जात नाही, त्यांनी. रिअर-व्हील ड्राइव्ह सेडानवाल्यांनी तर थांबण्याबरोबर निघण्याचीही चिंता करावी, त्यांना मी सरळ १८ इंची रिमवर हिवाळी टायरचा दुसरा संच सुचवेन. चारही हिवाळीच, फक्त मागचे दोन नव्हेत. मागे पकड आणि पुढे नाही, अशी गाडी वळायचं सोडून सरळच जाते. बर्फ पडतो पण संपूर्ण संच आणि तो ठेवायची जागा दोन्ही जमत नाही, अशांनी डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेल्या घराण्यातून निवड करावी आणि स्टिअरिंगच्या धारेवर थोडं पाणी सोडावं.

माझा पुढचा बेत ठरला आहे. जुन्या १९ इंची रिमा विकल्या नाहीत, गॅरेजात भिंतीला टांगल्या आहेत. ज्या शरदात एस पुसलेला दिसेल, त्या वर्षी या १८ च्या रिमांवर हिवाळी टायर चढतील आणि वसंतात १९ वर पुन्हा उन्हाळी. दादाला हे अजून सांगितलेलं नाही, नाहीतर तो म्हणेल, मी आधीपासून हेच सांगत होतो.